घरचा मिक्सर

"मी घरी मिक्सर बनवतेय," असं ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला. "का गं, जुना बिघडला?" मावशीने तर तिचा जुना सुमीत देऊ केला, तीन भांड्यांसकट. मग मी समजावणार, की अगं, हा चटणीचा नाही, आवाजाचा मिक्सर. चार माइक लावायचे, चारही आवाज हवे तसे कमी-जास्त करायचे आणि एका वायरीतून बाहेर काढायचे. यावर पुढचा प्रश्नही ठरलेला. "तो तर ऑनलाइन मिळतो ना?"

मिळतो. माझ्याकडे आहेसुद्धा एक, तळहातापेक्षा थोडा मोठा. दोन वर्षं माझ्या इंटरव्ह्यूंचं रेकॉर्डिंग त्याच्यावरच चाललंय. पण हा वेगळा. हा व्हॉल्व्हचा! म्हणजे काचेच्या त्या छोट्या बाटल्या, ज्यांच्यात लालसर तार पेटते आणि ज्या आपल्या पिढीने फक्त सिनेमातल्या जुन्या रेडिओच्या पोटात पाहिल्यात. शाळेच्या पुस्तकात त्यांना निर्वात नळी म्हणत. आमच्या घरात कोणी असं म्हटलं असतं, तर बाबांनी त्याला चहा न देता पाठवलं असतं.

सुरुवात माळ्यावरून झाली. ट्रॉम्बेला पायलीपाड्यात आमचं घर. पावसाळ्याआधी पत्रे बदलायचे म्हणून माळा रिकामा करत होतो, तेव्हा बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा हाताला लागला. आत वर्तमानपत्रात एकेक करून गुंडाळलेले तीसेक व्हॉल्व्ह. "टाकून दे," बाबा म्हणाले. दहा मिनिटांनी बघते तर चष्मा कपाळावरून नाकावर आलेला, जमिनीवर फतकल मारून बसलेले आणि प्रत्येक काच उजेडात धरून नंबर वाचणं चाललेलं.

बाबांचं रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं, ट्रॉम्बेच्या शेवटच्या बसस्टॉपपासून हाकेच्या अंतरावर. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. त्या वेळच्या ब्लॅक अँड व्हाइट सेटच्या पोटात व्हॉल्व्ह असायचे. आयटीआय करून बाबांनी याच सेटांवर हात बसवला. वर गणपतीत आणि नारळी पौर्णिमेला लाऊडस्पीकर लावायचं काम. मग चपटे टीव्ही आले. बिघडला की फेकायचा, असा जमाना आला. २००९ मध्ये बाबांनी शटर खाली ओढलं. त्यानंतर घरात त्यांचं बोलणं कमी होत गेलं आणि टीव्हीचा आवाज वाढत गेला. त्या आवाजावरून आईचं आणि माझं त्यांच्याशी रोजचं वाजायचं. मी "सातची गाडी" म्हटलं की ते "हातची?" विचारणार आणि आम्ही दोघी हसणार. घरातला रनिंग जोक होता तो.

असो. तर डबा. "ईसीसी ८३," बाबा म्हणाले. "वाच काय लिहिलंय." मी वाचलं. मग त्यांनी मला त्या नावाचा फंडा सांगितला. ई म्हणजे आतला हीटर ६.३ व्होल्टवर चालतो. सी म्हणजे ट्रायोड. सी दोनदा, म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. आठने सुरू होणारा आकडा म्हणजे खाली नऊ पिना. अख्खी कुंडली नावातच! काही व्हॉल्व्हवर बीईएल अशी अक्षरं होती. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले होते, त्या घराण्यातले हे. आज नवीन ईसीसी ८३ रशियातून नाहीतर स्लोव्हाकियातून येतो आणि एकाला दीड-दोन हजार मोजावे लागतात. आमच्या डब्यात सात निघाले.

"चालतील?" मी विचारलं.

"लावल्याशिवाय कसं सांगू?"

आणि मी बोलून गेले, "मग लावूया ना. मला मिक्सर हवाच आहे. गणपतीतली आरती नीट रेकॉर्ड करू." खरं सांगायचं तर मला मिक्सर नको होता. मला बाबांना टीव्हीसमोरून उठवायचं होतं.

आता हा व्हॉल्व्ह करतो काय, तर ते मला बाबांनी समजावलं आणि मी ते आपल्या भाषेत आणलं. काचेतली हवा काढून टाकलेली असते. मध्ये कॅथोड, तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेरच्या बाजूला प्लेट, तिच्यावर अडीचशे व्होल्ट, त्यामुळे सगळे इलेक्ट्रॉन तिकडे पळत सुटतात. आणि वाटेत एक जाळी. मानखुर्दला गाडीतून उतरलेली गर्दी डोळ्यांसमोर आणा आणि पुलाच्या तोंडाशी उभा असलेला एकच टीसी. तो एक पाऊल पुढे आला की अख्खी गर्दी थबकते, मागे सरकला की लोंढा सुटतो. माइकचा इवलासा करंट म्हणजे तो टीसी. त्याची जरा हालचाल झाली, की प्लेटकडे जाणाऱ्या लोंढ्यात तीच हालचाल पन्नासपट होऊन दिसते. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट नावाच्या अमेरिकन माणसाने ही जाळी आत बसवली आणि आवाज मोठा करणं शक्य झालं. बाकी रेडिओ, बोलपट, लाऊडस्पीकर, सगळं त्यानंतरचं.

मिक्सिंगचा भाग त्यामानाने सोपा. चारही चॅनलचा आवाज आपापल्या कंट्रोलमधून आणि आपापल्या रेझिस्टरमधून एका तारेवर आणायचा. रेझिस्टर का, तर एकाचा कंट्रोल फिरवला की दुसऱ्याचा आवाज पडू नये म्हणून. पण चारांना असं एकत्र आणताना प्रत्येकाचा आवाज एक चतुर्थांश उरतो. तो परत वर उचलायला पुढे आणखी एक व्हॉल्व्ह. आमचा हिशोब झाला तीन ईसीसी ८३ आणि एक ईसीसी ८२. कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये १९६० साली जो देशी कॉम्प्युटर उभा राहिला, त्या टिफ्रॅकमध्ये २७०० व्हॉल्व्ह होते म्हणे. आमचे चार, आणि तरी आमच्या नाकी नऊ आले.

खरेदीला लॅमिंग्टन रोड. कुर्ला, दादर, ग्रँट रोड असं बदलत बदलत गेलो. बाबा त्या रस्त्यावर पंधरा वर्षांनी येत होते. जिथे ते कंडेन्सर घ्यायचे तिथे आता सीसीटीव्ही आणि लॅपटॉपचे चार्जर. चार दुकानदारांनी "व्हॉल्व्हचं सॉकेट? अंकल, अब कौन लेता है?" असं म्हणून पुढचं गिऱ्हाईक घेतलं. पाचव्याने मात्र आतून धूळ खात पडलेली पिशवी आणली. बाबांनी एकेक सॉकेट नखाने दाबून बघितलं आणि सहा घेतली. चाराची गरज होती. "दोन खराब करशील तू," म्हणाले. (एकच केलं!) ट्रान्सफॉर्मर ऑर्डर देऊन गुंडाळून घेतला. चॅसीसाठी कुर्ल्याच्या भंगारातून ॲल्युमिनियमचा पत्रा आणला.

मग रोज संध्याकाळी सातनंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमचा कारखाना. आईने एक आठवडा सहन केलं, मग तिने स्वतःच पोळ्या ओट्यावर उभ्याने लाटायला सुरुवात केली. बाबांचे नियम कडक. अडीचशे व्होल्ट डीसी माणसाला सोडत नाही. प्लग काढला म्हणजे मेलं असं नाही, कंडेन्सरमध्ये जीव राहतो. आधी प्लग काढ, थांब, रेझिस्टर लावून कंडेन्सर रिकामा कर, मीटरने बघ, आणि मगच हात घाल. तोही एकच. दुसरा पाठीमागे. दुसरा हात चॅसीवर टेकलेला असेल तर करंट छातीतून जातो. मी सव्वीस संध्याकाळी डावा हात पाठीमागे धरून काम केलं. ऑफिसात शाळकरी पोरीसारखी उभी राहायला लागले होते.

भांडणंही झाली. त्यांना रेक्टिफायरसुद्धा व्हॉल्व्हचाच हवा, मला चार साधे डायोड. (मी जिंकले.) मला नवीन रेझिस्टर हवेत, त्यांना डब्यातले जुने तपकिरी. "हे आपले आहेत." (ते जिंकले. हे लक्षात ठेवा.) आणि एकदा मी कुठेतरी वाचलेलं 'व्हॉल्व्हचा वॉर्म साऊंड' असं म्हटलं, तर बाबा अक्षरशः वैतागले. "वॉर्म-बिर्म काही नसतं. डिस्टॉर्शन आहे ते." ट्रायोड आवाजात जी भेसळ करतो ती मुख्यतः दुप्पट फ्रिक्वेन्सीची, म्हणजे मूळ सुराच्या बरोबर वरच्या सप्तकातला तोच सूर. सा मध्ये वरचा सा. म्हणून कानाला खटकत नाही, भरलेला वाटतो. मला विचाराल तर हे 'वॉर्म'पेक्षा कितीतरी भारी एक्स्प्लनेशन आहे. पण हेडफोनच्या जाहिरातीत कोण लिहिणार?

काम करताना बाबा बोलायला लागले. मी पत्रकार, पण बापाचा इंटरव्ह्यू कधी घेतला नव्हता. त्यांचा पहिला भोंगा जुन्या बाजारातून घेतलेला, शिकागो रेडिओचा. नावावर जाऊ नका, कंपनी मोटवाने मंडळींची, इथलीच. गांधी-नेहरूंच्या सभांच्या जुन्या फोटोंत माइकवर ही इंग्रजी अक्षरं दिसतात ती हीच. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत चोरून काँग्रेस रेडिओ सुरू केला, तेव्हा सामानाची मदत याच कंपनीच्या नानिक मोटवानेंकडून झाली होती. जोडलेला ट्रान्समीटर, व्हॉल्व्हचा, पोलीस मागावर म्हणून या घरातून त्या घरात हलवायचा. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घालून पकडलं. तीन महिनेही नाहीत. "त्यांनी व्हॉल्व्ह तापायची वाट कशी बघितली असेल?" बाबा म्हणाले. व्हॉल्व्ह बटण दाबल्याबरोबर बोलत नाही, तापायला वेळ घेतो. इतिहासाच्या पुस्तकात मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

आणि दुसरं नाव मंगेश देसाईंचं. परळच्या राजकमलमध्ये सिनेमाचे आवाज मिक्स करणारे. सत्यजित राय यांच्यासारखा माणूस आपले चित्रपट घेऊन त्यांच्याकडे यायचा. बाबांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण टायटल्समध्ये नाव आलं की ते थिएटरमध्ये सावरून बसायचे. "संवाद, पाऊस, म्युझिक, सगळं एकाच वेळी वाजतंय आणि तरी सगळं ऐकू येतंय. कान बघ त्या माणसाचा!"

कान.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मिक्सर पहिल्यांदा चालू केला. बाहेर धो धो पाऊस. चारही हीटर हळूहळू लालसर झाले. स्पीकरमधून आलं घूंऽऽऽ. मी लॅपटॉप उघडला, आवाजाचा ग्राफ बघायला. तो उघडेपर्यंत बाबा म्हणाले, "शंभरचं हमिंग आहे, पन्नासचं नाही. हीटर नाही, सप्लाय बघ." ग्राफवर खरोखरच शंभर हर्ट्झवर सुळका. घरातली वीज पन्नास हर्ट्झची. हीटरची वायर आवाज पकडत असेल तर पन्नासचं हमिंग, आणि डायोडनंतरचं फिल्टरिंग कमी पडत असेल तर शंभरचं. हे ते नुसत्या कानाने सांगत होते! एक कंडेन्सर वाढवला, अर्थच्या सगळ्या तारा एकाच बिंदूला आणल्या, घूं गेलं. मी मनापासून टाळ्या वाजवल्या.

"चिडीचूप," बाबा म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले.

चिडीचूप नव्हतं. स्पीकरमधून सूंऽऽऽ असा सरळ, पातळ आवाज येत होता. पत्र्यावरच्या पावसासारखा. मला आधी वाटलं पाऊसच आहे. खिडकी लावली. सूंऽऽऽ. मी बाबांकडे बघितलं. चेहरा एकदम समाधानी. आईकडे बघितलं. तिने भुवया उचलल्या. तिलाही ऐकू येत होतं.

सातची, हातची. टीव्हीचा आवाज. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम आईने त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. सगळं त्या एका मिनिटात माझ्या डोक्यात जुळलं आणि मी काय केलं? "मस्त!" म्हणाले.

त्या रात्री ते झोपल्यावर मी टेबलावर बसले. ती सळसळ कुठून येते ते मी वाचून काढलं होतं. जुन्या कार्बनच्या रेझिस्टरमधून करंट गेला की ते स्वतःच कुरकुरतात, आणि पहिल्याच व्हॉल्व्हच्या प्लेटवर ते असतील तर पुढचं सगळं त्यांची कुरकुर मोठी करत जातं. प्लग काढला. थांबले. कंडेन्सर रिकामा केला, मीटर लावला, डावा हात पाठीमागे. चार तपकिरी रेझिस्टर काढले, चार निळे मेटल फिल्मचे लावले. पहाटे दीडला हेडफोन लावून ऐकलं. सूं जवळजवळ गेलं होतं. मी जुने चार रेझिस्टर कचऱ्यात न टाकता एका कागदात बांधून ठेवले. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी चॅसी उलटी केली आणि थांबले. ज्या माणसाने चाळीस वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या जोडण्या ओळखल्या, त्याच्यापासून चार निळे ठिपके कुठे लपणार? मला वाटलं ओरडतील.

"सळसळ होती?" त्यांनी विचारलं.

"थोडी."

"थोडी की बरीच?"

"बरीच."

ते काही बोलले नाहीत. सोल्डर तपासलं, एक सांधा परत तापवला. माझं काम कच्चं होतं. मग चॅसीकडेच बघत म्हणाले, "दुकानातून किती लोकांना असे सळसळणारे सेट परत दिले असतील गं मी? कोणी बोललं नाही." मला यावर काही सुचलं नाही. दुकान बंद झालं तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते. तेव्हापासून असेल? त्याआधीपासून? "नसेल हो बाबा," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी आयुष्यात परत त्यांना असं उत्तर देणार नाही.

चेंबूरला कानाच्या डॉक्टरांकडे ते स्वतःहून आले. इतके महिने आई "चला" म्हणायची तेव्हा "मला काय झालंय?" असायचं. बूथमध्ये बसवून, हेडफोन लावून टेस्ट झाली. ऑडिओग्रामचा कागद हातात आला, तर बाबांनी तो डॉक्टरांच्या आधी वाचला. डावीकडे २५० हर्ट्झ, उजवीकडे ८०००. रेघ दोन हजारपर्यंत बऱ्यापैकी सरळ आणि मग धाडकन खाली. "हा तर रिस्पॉन्स कर्व्ह आहे," ते म्हणाले. "ट्रेबल कट मारलाय." डॉक्टर हसले. वयाबरोबर वरच्या फ्रिक्वेन्सी आधी जातात, स, श, फ सारखी व्यंजनं तिकडेच असतात, म्हणून शब्द ऐकू येतात पण कळत नाहीत, वगैरे समजावून सांगितलं. बाबांना ते 'वगैरे' लागलंच नाही. हमिंग सापडलं आणि हिस का सापडली नाही, ते त्यांना कागदावर दिसलं होतं. परतीच्या रिक्षात त्यांनी तो कागद गुडघ्यावर पसरून ठेवला होता, सर्किट डायग्राम ठेवतात तसा.

मशीन मात्र लगेच घेतलं नाही. किंमत ऐकून म्हणाले, "गणपतीनंतर बघू."

गणपतीत आमच्या दीड दिवसांच्या आरतीला मिक्सर चालला. एक माइक ढोलकीला, एक झांजांना, दोन गाणाऱ्यांना. कंट्रोलवर बाबा. ढोलकीचा समतोल त्यांनी असा धरला, की माझी बिशाद नव्हती. झांजा मात्र त्यांना कमी ऐकू येत होत्या, म्हणून तो कंट्रोल ते सारखे वाढवायला जायचे. तेव्हा ठरलं, मी समोर उभी राहायचं आणि झांजा टोचायला लागल्या की उजवा कान पकडायचा. 'जय देव जय देव'च्या ऐन रंगात माझी चुलत भावंडं बघत होती, की ही गणपतीसमोर कसली शिक्षा भोगतेय!

मशीन ऑक्टोबरमध्ये आलं. दोन्ही कानांना. पहिले चार दिवस त्यांची नुसती चिडचिड. प्लॅस्टिकची पिशवी चुरगळली तरी दचकायचे. "हिच्या बांगड्या एवढ्या वाजतात?" आईने त्या दिवशी बांगड्या काढून ठेवल्या. ते म्हणाले, "घाल परत." मशीन सेट करणाऱ्या मुलीशी त्यांनी त्याच्या आतल्या नॉइजवर अर्धा तास वाद घातला. बिचारी घामाघूम!

मग एका रविवारी दुपारी त्यांनी मिक्सर टेबलावर आणला. "ते चार कुठे ठेवलेस?"

मी कागदाची पुडी आणून दिली. त्यांनी प्लग काढला, थांबले, कंडेन्सर रिकामा केला, डावा हात पाठीमागे नेला. तिसऱ्या चॅनलचा निळा रेझिस्टर काढून शर्टच्या खिशात टाकला आणि त्या जागी तपकिरी बसवला. चालू केलं. आम्ही दोघं व्हॉल्व्ह तापायची वाट बघत बसलो. त्यांनी तिसरा कंट्रोल पूर्ण वर नेला.

सूंऽऽऽ.

बराच वेळ ऐकत राहिले. मान किंचित तिरकी, दुकानात बसायचे तशी.

"एवढी होती?"

"एवढी होती."

त्यांनी कंट्रोल खाली आणला, प्लग काढला आणि खिशातून निळा रेझिस्टर काढून टेबलावर ठेवला.

"आयर्न लाव," म्हणाले.